मामांच्या डब्यातली २७ मेमरी कार्डं : फोटो बाहेर काढतानाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

ठाण्यात नौपाड्यातल्या मामांच्या फोटो स्टुडिओची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गाळा रिकामा करून द्यायचा. आज माळा उतरवला. फ्लॅशच्या छत्र्या, पासपोर्ट फोटोंचा निळा पडदा, निगेटिव्हची पाकिटं, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात नुसती मेमरी कार्डं.

"बघ रे, यातून काही निघतंय का. नाहीतर भंगारात जाईल सगळं," मामा म्हणाले.

घरी आणून गाद्यांवर जुनी चादर टाकली आणि मोजली. कॉम्पॅक्ट फ्लॅश ९, त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा जाड आणि जड. एसडी ५, स्मार्टमीडिया ४, एक्सडी ४, मेमरी स्टिक ३, एमएमसी १, आणि अडॅप्टरमध्ये अडकलेलं मायक्रोएसडी १. एकूण २७. एकाच स्टुडिओत इतक्या जाती कशा, असं विचारलं तर मामा म्हणाले, "अरे, कार्ड आपण निवडायचोच नाही. कॅमेरा ज्या कंपनीचा, कार्ड तिचं. सोनी घेतला की मेमरी स्टिक, ऑलिंपस घेतला की स्मार्टमीडिया. पुढे त्यांनीच ते बंद करून एक्सडी आणलं."

एक कॉम्पॅक्ट फ्लॅश वहीच्या कागदात गुंडाळलेलं होतं. वरचा रबर वितळून कागदाला चिकटलेला. कागदावर मामांचं अक्षर : "मे २००६. लग्न. हात लावू नये."

ती हकीकत घरात सगळ्यांना अर्धवट माहीत होती. आज मामांनी पूर्ण सांगितली. मामा तेव्हा निकॉन डी७० वापरायचे. लग्न आटोपून रात्री उशिरा आले, कार्ड टेबलावर ठेवलं. हाताखालच्या मुलाला वाटलं, फोटो कॉम्प्युटरवर उतरवून झालेत. दुसऱ्या दिवशी सकाळी एका सत्यनारायणाची ऑर्डर होती. त्याने कॅमेऱ्याची ती दोन बटणं एकत्र दाबली, कार्ड फॉरमॅट केलं आणि पूजेचे फोटो काढून आणले. लग्नातला दुसऱ्या कार्डावरचा जेवणावळीचा भाग तेवढा उरला. मामांनी त्या घरी जाऊन पैसे परत केले, आणि पुढची कित्येक वर्षं चरईतल्या त्या गल्लीतून जायचं टाळलं.

म्हणजे २७ कार्डं वाचायची हे काम खरं, पण मला मुळात ते एक कार्ड वाचायचं आहे.

५ जानेवारी, रविवार

मोठी चूक आजच करून बसलो. कोणी हे काम हाती घेणार असेल तर एवढी एक नोंद तरी वाचा.

माझ्याकडे कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि एसडी घेणारा नवा यूएसबी ३ रीडर होता (११०० रुपये, गेल्या वर्षी घेतलेला). राहवलं नाही म्हणून लग्नाचं कार्ड सरळ विंडोजच्या लॅपटॉपला लावलं. सत्यनारायणाचे ६१ फोटो दिसले. ते कॉपी केले, कार्ड काढलं, खूश झालो.

विंडोज अशा कार्डावर न विचारता स्वतःचा एक छोटा फोल्डर बनवते, हे डोक्यातच आलं नाही. त्यातल्या फाइली काही बाइटच्या असतात, पण कार्डावर प्रत्येक फाइल एक अख्खा कप्पा अडवते. १ जीबीच्या या कार्डात एक कप्पा १६ केबीचा. रिकामा दिसणारा कप्पा खरं तर रिकामा नसतो, जुन्या फोटोचा तुकडा त्यात तसाच पडलेला असतो. मी त्यावर लिहिलं गेलेलं चालवून घेतलं. नुकसान किती झालं ते १९ आणि २३ तारखेच्या नोंदींत आहे.

एसडी कार्डाला बाजूला लॉकची खिटी असते, ती सरकवून लावली तर बहुतेक रीडर लिहू देत नाहीत. कॉम्पॅक्ट फ्लॅशला अशी खिटी नसते.

११ जानेवारी, शनिवार

स्मार्टमीडिया आणि एक्सडी घेणारा रीडर आता दुकानात मिळत नाही. सकाळी ठाण्याहून लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड. तीन दुकानांत "ते काय असतं?" असं विचारलं गेलं. चौथ्या ठिकाणी जुन्या मालाच्या पेटीतून यूएसबी २ चा ऑल-इन-वन रीडर निघाला. चार खाचा : कॉम्पॅक्ट फ्लॅश, स्मार्टमीडिया आणि एक्सडी एकत्र, मेमरी स्टिक, एसडी आणि एमएमसी. ४५० रुपये. घासाघीस केली नाही. दुकानदाराने लॅपटॉपला लावून लाइट लागतो एवढं दाखवलं.

जाताना माझ्याकडचं एक स्मार्टमीडिया बरोबर न्यायला हवं होतं, म्हणजे तिथेच खात्री झाली असती. नेलं नाही. परत येईपर्यंत धाकधूक.

संध्याकाळी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, आणि कार्ड लावलं की आपोआप उघडण्याची सोय आधी बंद केली. इथून पुढे पद्धत एकच. कार्ड लावायचं, डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने त्याची बिट-न्-बिट नक्कल हार्ड डिस्कवर घ्यायची, कार्ड काढून पुन्हा डब्यात ठेवायचं. मग जी काही उलथापालथ करायची ती नकलेवर. डीडीरेस्क्यू घ्यायचं कारण, खराब जागा आली तर ते तिथे अडून बसत नाही, पुढे जाऊन चांगला भाग आधी उचलतं आणि मग खराब जागांकडे परत येतं. कुठे काय राहिलं याची नोंदही ठेवतं.

१२ जानेवारी, रविवार

स्मार्टमीडियाचा दिवस. ४५ बाय ३७ मिलिमीटर, जाडी ०.७६. हातात धरलं तर कार्ड आहे असं वाटतच नाही, लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा वाटतो. एका बाजूला सोनेरी पट्टा, त्यात २२ संपर्क, सगळे उघडे. तोशिबाने हे १९९५ मध्ये आणलं आणि १२८ एमबीवर ते थांबलं.

१२८ आणि ६४ एमबीची दोन्ही लगेच वाचली गेली. १६ एमबीचं रीडरला दिसेना. सोनेरी पट्ट्यावर उजेड तिरका पाडून पाहिला तर बोटाचा ठसा उमटलेला होता, आणि ठशाच्या रेषांवर तपकिरी डाग. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी घामट बोटाने धरलं असणार, आणि आपल्याकडची दमट हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल (१८० रुपये) कानकाडीला लावून एकाच दिशेने चार वेळा पुसलं. खोडरबर वापरला नाही, सोन्याचा थर फार पातळ असतो. दहा मिनिटं वाळू दिलं. वाचलं गेलं, एकही खराब जागा नाही.

त्यात फाइलींची नावं पी९१०००२३ अशी. ऑलिंपसची ही पद्धत मला आवडली. पी नंतर महिना, मग तारीख, मग अनुक्रम. म्हणजे १० सप्टेंबर. फोटोच्या आतल्या नोंदीत वर्ष २००२. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरलाच होती, आणि फोटोत मामांच्या घरचा गणपती, मागे थर्माकोलचं मखर. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं याचा याहून चांगला पुरावा नको.

चौथं, ४ एमबीचं, रीडरमध्ये जाईचना. जोर लावणार होतो, थांबलो ते बरं झालं. इतर तीन कार्डांचा कापलेला कोपरा उजवीकडे आहे, याचा डावीकडे. सुरुवातीची स्मार्टमीडिया ५ व्होल्टवर चालायची, नंतरची ३.३ व्होल्टवर. चुकीचं कार्ड चुकीच्या ठिकाणी जाऊ नये म्हणून कोपरा बदललेला. हे कार्ड आखातातून आलेल्या कुणा नातेवाइकाच्या कॅमेऱ्यातलं, असं मामांना अंधुक आठवतं. बाजूला ठेवलं.

१८ जानेवारी, शनिवार

कॉम्पॅक्ट फ्लॅश. लग्नाचं सोडून सात, आणि ते जाड वेगळंच.

पाच कार्डं सटासट झाली. सहावं लावताना ते किंचित तिरकं गेलं. आतून बारीक 'कट्' असा आवाज आला आणि रीडरचा लाइटच लागेना. टॉर्च मारून पाहिलं. या कार्डाला कडेला ५० छिद्रं असतात, आणि टाचण्या असतात रीडरमध्ये. वरच्या ओळीत डावीकडून सातवी टाचणी खाली वाकून शेजारणीला टेकली होती.

हा प्रसंग लग्नाच्या कार्डावर आला असता तर? तेच कार्ड आधी लावून मोकळं व्हावं असा सकाळी मोह झाला होता.

सुईने सरळ करायला गेलो तर टाचणी आणखी वाकली. मग ०.७ च्या पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं (नवी पेन्सिल, ४० रुपये). तिचं रिकामं टोक म्हणजे बारीक नळीच. ती नळी टाचणीवर चढवली आणि श्वास रोखून हळूहळू उभी केली. एकदा मागे, एकदा पुढे, एवढंच. तिसऱ्यांदा वाकवली तर तुटते. दीड तास गेला. आधी एक रिकामं, फुटकळ कार्ड लावून पाहिलं, मग खरं.

कार्ड घालताना दोन्ही अंगठे दोन्ही कोपऱ्यांवर ठेवायचे आणि सारखा दाब द्यायचा. अडलं तर बाहेर काढून पुन्हा.

टाचण्यांचा हा त्रास सोडला तर डब्यातली सगळ्यांत भक्कम जात हीच. १९९४ मध्ये सॅनडिस्कने आणली. मेमरीची चिप आणि ती सांभाळणारा कंट्रोलर दोन्ही कार्डाच्या पोटात असतात, आणि ते बाहेरच्या जगाशी जुन्या हार्ड डिस्कच्या भाषेत बोलतं. त्यामुळे २००१ चं ३२ एमबीचं कार्डही माझ्या गेल्या वर्षीच्या रीडरने विनातक्रार वाचलं. स्मार्टमीडिया आणि एक्सडीमध्ये कंट्रोलर नसतो, नुसती चिप असते. ती कशी वाचायची ते रीडरला ठाऊक असावं लागतं. रीडर बनायचे बंद झाले की ती कार्डं शाबूत असूनही मुकी होतात. २७ कार्डं हाताळून माझं मत पक्कं झालंय : आकार, वेग, किंमत या तुलना एका बाजूला. वीस वर्षांनी फोटो मिळणार की नाही, ते कार्डाचं डोकं कार्डातच आहे की दुसऱ्याच्या यंत्रात, यावर बरंचसं ठरतं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी आंघोळ करूनच बसलो. मामांना मुद्दाम बोलावलं नाही, काही निघालं नाही तर त्यांना दुसऱ्यांदा तेच.

लग्नाच्या कार्डाची नक्कल तीन मिनिटांत झाली, खराब जागा शून्य. त्या नकलेच्या आणखी दोन प्रती केल्या. मग फोटोरेक चालवलं. हे फुकट मिळतं. फाइलींची यादी काय म्हणते ते ते बघतच नाही, कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि जेपीईजी फोटोची सुरुवात ज्या ठरावीक बाइटांनी होते ती दिसली की तिथून फोटो उचलतं. कॅमेऱ्यातलं फॉरमॅट यादी पुसतं, माल तिथेच राहतो, म्हणून हे जमतं.

आकडा वाढत गेला. सत्यनारायणाचे ६१. आणि त्यांच्यापुढे २१४.

पहिलाच उघडला तो अंतरपाटाचा. मामा (मुलीचे, माझे नव्हे) अंतरपाट धरून उभे, वरून अक्षता पडताहेत, एक अक्षत नवरीच्या मुंडावळीवर अडकलेली. सहा मेगापिक्सेलचा फोटो, पण ती अक्षत मोजता येते.

मुहूर्ताचे फोटो वाचले आणि सकाळचे विधी गेले, याचं कारण साधं आहे. फॉरमॅट केल्यावर कॅमेरा पुन्हा पहिल्या कप्प्यापासून लिहायला लागतो. पूजेचे ६१ फोटो लग्नाच्या पहिल्या साठेक फोटोंवर बसले. पुण्याहवाचन आणि त्यापुढचं ते सगळं कायमचं गेलं. मुहूर्त त्यानंतर होता, तिथपर्यंत पूजा पोचली नाही. त्या यजमानांनी आणखी थोडेच फोटो काढून घेतले असते तर अंतरपाटही गेला असता.

२१४ पैकी २०९ पूर्ण, ५ तुटके : वरचा अर्धा फोटो, खाली राखाडी पट्टा किंवा दुसऱ्याच फोटोचे तुकडे. संध्याकाळी मामांना फोन केला तेव्हा यामागचं कारण कळलं. हुकलेले फोटो ते तिथल्या तिथे डिलीट करायचे. मग पुढचा फोटो त्या मोकळ्या भोकांत तुकड्यांनी बसतो, आणि फोटोरेक सलग वाचत असल्यामुळे फसतं. कार्यक्रम चालू असताना कार्डावरचं काही डिलीट करू नका, घरी येऊन करा.

मामा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गौरीहराचा एक तरी असेल बघ. तो मी चांगला घेतला होता."

२१४ मध्ये गौरीहर नव्हता.

२१ ते २३ जानेवारी, तीन संध्याकाळी

६१ वा पूजेचा फोटो जिथे संपतो आणि अंतरपाटाचा जिथे सुरू होतो, त्या मधल्या जागेत काय आहे ते हेक्स व्ह्यूअरमध्ये (कच्चे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून पाहिलं. आधी एका लग्नाच्या फोटोची शेपटी, मग लगेच विंडोजच्या त्या फोल्डरचं नाव आणि त्याच्या दोन छोट्या फाइली. तीन कप्पे, ४८ केबी. त्याच्यामागे जवळपास अडीच एमबीचा, सुरुवात नसलेला एक फोटो.

५ जानेवारीला मी ते कार्ड विंडोजला लावलं नसतं, तर हा फोटो अख्खा मिळाला असता. त्याचं डोकं मी उडवलं.

त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच सेटिंगच्या पुढच्या फोटोची सुरुवात कापून याला जोडली. पहिल्या प्रयत्नात फोटो उघडलाच नाही. जोडाची जागा काही बाइट मागेपुढे करत राहिलो, बहुधा तिसाव्या की पस्तिसाव्या खेपेला चित्र दिसलं. पण हिरवं, आणि उजवीकडे सरकलेलं, म्हणजे डावा भाग उजव्या कडेला आलेला. वरचा थोडा पट्टा नाहीच. जेपीईजीत प्रत्येक चौकोनाचा रंग आधीच्या चौकोनावरून ठरतो, सुरुवातच नसेल तर सगळा हिशेब चुकतो. चित्र कापून पुन्हा जागेवर लावलं, रंग हाताने जुळवला.

उरलं ते असं : पिवळी अष्टपुत्री, मांडीवर जोडलेले हात, हिरवा चुडा, समोर तांदळाची रास. चेहरा हनुवटीपासून भुवयांपर्यंत आहे, त्याच्या वर काही नाही. रंग अजून थोडा मेलेला वाटतो.

मामांना पाठवला. "हाच," एवढंच उत्तर आलं. चूक माझी आहे, हे मी त्यांना फोन करून सांगितलं.

२६ जानेवारी, रविवार

एक्सडी आणि मेमरी स्टिक.

एक्सडी २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्मने काढलं. २० बाय २५ मिलिमीटर. चादरीवरून एक घरंगळलं ते गादीच्या फटीत मिळालं, वीस मिनिटं गेली. सॅनडिस्क, पॅनासोनिक आणि तोशिबा यांचं एसडी तोवर बाजारात होतंच, तरी या दोघांनी आपली वेगळी चूल मांडली. पुढे दोघांनाही एसडीकडेच यावं लागलं.

तीन कार्डं वाचली गेली. २५६ एमबीच्या एकात २७ जुलै २००५ च्या सकाळचे फोटो होते. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मामा चालत गाळ्यावर गेले होते. गाळ्यात गुडघाभर पाणी, तरंगणारी फोटो पेपरची खोकी, आणि काउंटरवर चढून बसलेलं गल्लीतलं कुत्रं. हे फोटो आहेत हे मामा विसरूनच गेले होते.

चौथं २ जीबीचं. रीडरला कार्ड आहे एवढं कळतं, आकार शून्य दाखवतो. त्यावर 'एम' लिहिलंय. ५१२ एमबीच्या पुढची एक्सडी आतून वेगळ्या प्रकारच्या चिपची, आणि हा रीडर त्याआधीचा असावा. परवा म्हटलं तेच : कार्ड ठणठणीत, पण त्याची भाषा जाणणारं कोणी नाही.

उपाय मामांच्याच ड्रॉवरमध्ये होता. ऑलिंपसचा एफई २३० कॅमेरा आणि त्याची वेगळ्याच तोंडाची यूएसबी केबल. बॅटरी फुगलेली. तिचा नंबर एलआय-४२बी. निकॉनची ईएन-ईएल१० आणि फुजीची एनपी-४५ याच मापाच्या असतात, आणि नावाने मागितली तर त्या पटकन मिळतात. ठाणे स्टेशनजवळ ३५० रुपयांत मिळाली. कॅमेरा चालू झाला, केबलने लॅपटॉपला जोडला, १४० फोटो उतरले. जुना कॅमेरा विकायला किंवा टाकायला निघाला असाल तर त्याच्या जातीची सगळी कार्डं आधी रिकामी करून घ्या.

मेमरी स्टिक तीन. एक जांभळी, लांब, ६४ एमबीची, च्युइंग गमच्या पट्टीएवढी. दोन प्रो ड्युओ, आखूड. आखूड कार्डाला लांब खाचेत घालायला प्लास्टिकचं म्यान लागतं. एकच म्यान होतं, एकामागून एक घातली. दोन्ही चालली. लांबही चाललं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

एसडी पाच, एमएमसी एक. सोपं जाईल वाटलं होतं.

४ आणि ८ जीबीची दोन्ही जुन्या रीडरमध्ये दिसली नाहीत. साधं एसडी २ जीबीपर्यंतचं. त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, ते २००६ मध्ये आलं. आकार तोच, म्हणून खाचेत जातं, पण आधीच्या रीडरला कळत नाही. नव्या रीडरमध्ये घातली, झाली. नवा रीडर जुनं कार्ड घेतो, जुना नवं घेत नाही.

एकाची लॉकची खिटी तुटून पडली होती. वाचायला काहीच अडचण नाही, आणि आपल्याला लिहायचं नाहीच. ज्यांना लिहायचं असेल त्यांनी त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावावा. ती खिटी नुसतं प्लास्टिक असते, सरकलेली आहे की नाही ते रीडर बघतो, कार्डाला पत्ताही नसतो.

एमएमसी हे एसडीच्या आधीचं, १९९७ चं, थोडं पातळ. एसडीच्याच खाचेत बसलं.

सगळ्यांत वाईट निघालं ते सगळ्यांत नवं. २०१४ चं १६ जीबीचं मायक्रोएसडी. सुरुवातीला बरं, मग डीडीरेस्क्यूचा वेग पडत पडत शून्यावर. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी पाहिलं तर तिसरा हिस्सा वाचलाच गेला नाही. २००२ चं १६ एमबी एकही बाइट न गमावता उभं, आणि हे मधल्या काळात नुसतं डब्यात पडून गेलं. जुन्या चिपमध्ये एका पेशीत एकच बिट साठवायचे, नंतर जागा वाचवायला एकात दोन, तीन साठवू लागले. विद्युतभार थोडा गळला तरी तिथे अक्षर बदलतं. माझ्या एका डब्यावरून सगळ्या जगाचा नियम काढत नाही, पण फोनमधून काढून ठेवलेलं मायक्रोएसडी म्हणजे फोटो सांभाळून ठेवले, असं मी यापुढे मानणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ते जाड कार्ड. ५ मिलिमीटर, बाकीची ३.३. आयबीएमची १ जीबीची मायक्रोड्राइव्ह. चिप नाही, कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या आकारात बसवलेली खरीखुरी फिरती हार्ड डिस्क, तबकडी एक इंचाची. नव्या रीडरच्या खाचेत ती शिरत नाही, जुन्याच्या शिरते.

लावली. कानाशी धरली तर आत गुणगुण सुरू झाली, मग टक, टक, टक, आणि शांत. तीनदा तेच. मामा म्हणाले, स्कूटरवरून बॅग पडली होती, त्यानंतर ती कधी चालली नाही. चौथ्यांदा लावली नाही. प्रत्येक वेळी आतलं टोक तबकडीवर घासत असणार. डेटा काढून देणाऱ्या एका ठिकाणी फोन केला, त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या आवाक्यातला नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळं मिळून १९ जीबी भरलं. एक प्रत लॅपटॉपवर, एक नव्या १ टीबी हार्ड डिस्कवर (४८०० रुपये). तिसरी मामांना कार्डावरच द्यावी म्हणून स्टेशनबाहेर पथारीवर २५६ जीबीचं कार्ड ६०० रुपयांना घेतलं. एवढं सगळं शिकूनही घेतलं.

कॉपी बिनबोभाट झाली. मग प्रत्येक फाइलची बेरीज (तिच्या बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा) मूळ फाइलशी ताडून पाहिली, तर निम्म्याहून जास्त जुळेनात. एफ३ नावाच्या प्रोग्रॅमने कार्ड पूर्ण भरून परत वाचलं : खरी जागा ७ जीबी. कंट्रोलरला खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली तरी ते हो हो म्हणत लिहून घेतं, आणि लिहिलेलं कुठेच नसतं. नवं कार्ड कुठूनही घेतलं तरी पहिलं काम ही तपासणी.

कार्डाचे दोन तुकडे केले, पुन्हा कोणाच्या हाती लागायला नको. मामांसाठी गोखले रोडवरच्या दुकानातून ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पावतीसह आणला, ५५० रुपये. तपासला, नीट निघाला.

रीडरपासून पेन ड्राइव्हपर्यंत सगळं धरून खर्च ८०७० रुपये. त्यातले ६०० पाण्यात. वेळ साधारण ५५ तास, आणि त्यातले किमान १५ माझ्या चुकांचे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मामांनी जुन्या डायरीतला नंबर लावला. नंबर बंद होता. मग स्वतः चरईत गेले. इमारत तीच, खाली किराणा दुकानात चौकशी केली, मुलीचा भाऊ वरच राहतो. पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. गौरीहराचा फोटो मामांनी वेगळा, मोठ्या कागदावर छापून नेला होता, वरचा गेलेला भाग पांढरा ठेवून. मी रंग आणखी सुधारून देतो म्हटलं होतं, पण त्यांना थांबायचं नव्हतं. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चहाला बसवून घेतलं, एवढं कळलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गाळ्याची किल्ली दिली. डबा आता माझ्याकडे आहे. कार्डं पुसून, प्रत्येकावर क्रमांक चिकटवून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह बंद केली. ऑल-इन-वन रीडर आणि एफई २३० त्याच डब्यात.

२७ पैकी २४ पूर्ण वाचली, मायक्रोएसडी अर्धवट, मायक्रोड्राइव्ह गेली. ४ एमबीचं ५ व्होल्टचं स्मार्टमीडिया अजून बाकी आहे. ठाणे, मुंबई, नवी मुंबईत कोणाकडे डाव्या कोपऱ्याचं कार्ड घेणारा जुना कॅमेरा किंवा रीडर असेल तर कळवा, कार्ड घेऊन मी येईन. आणि कोणाकडे स्मार्टमीडिया किंवा एक्सडी पडून असेल तर रविवारी माझ्याकडे या. तासाभराचं काम आहे. येताना कार्ड घरच्या कॉम्प्युटरला लावून बघू नका.